वन्संचा राग आणि बोडकी टेकडी

आमच्या वन्संइतकं रागीट माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचं नाही, आणि संतापाची गोष्ट अशी की त्यांचा राग बहुतेक वेळा बरोबर असतो. त्या माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नगरला सावेडीत आमच्याच घरी राहतात, सकाळी डबा घेऊन स्कूटरवरून पाथर्डीकडच्या गावांत जातात आणि संध्याकाळी उरलेला राग घरी आणतात. तो आमटीवर, टीव्हीवर, गॅलरीतल्या कुंड्यांवर निघतो.

पहिली काही वर्षं हा राग डॉक्टरांवर होता. त्या भागातल्या बाया दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. पाळीचे चार दिवस फडात अडचण नको म्हणून, नाहीतर अंगावरून पांढरं जातं तेवढ्यावर कॅन्सरची भीती घालून, डॉक्टर पंचविशीतल्या पोरींची गर्भाची पिशवी काढून टाकतात. "दोन लेकरं झाली, आता काय करायचीय ती?" असं डॉक्टरच विचारतो. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं. वन्सं अशाच एका दवाखान्याच्या बाकावर ठाण मांडून बसत. इथं फक्त पेशंटनी बसायचं, असं कंपाउंडरनं सुनावल्यावर त्या रोज स्वतःच्या नावाचा केसपेपर काढू लागल्या. नंबर आला की मागच्या बाईला पुढे सोडायच्या आणि उरलेल्यांना खणखणीत आवाजात विचारायच्या, "दाढ दुखली तर जबडा काढून देशील का गं?" निम्मा बाक उठून घरी जाई.

एकदा कौसाबाई नावाची बाई सुनेला घेऊन आली. तिची स्वतःची पिशवी कधीच काढलेली. वन्संनी तिलाही झापलं. ती शांतपणे म्हणाली, "ताई, पिशवी ठिवून करू काय? दिवाळी झाली की हिरीत पानी न्हाई. कोयता घ्यावाच लागतोय. तिथं पाळी आली तरी मोळी उचलावीच लागती." सुनेला त्या दिवशी वन्संनी कसंबसं परत पाठवलं, पण नंतर दोन दिवस त्या आमटीला नावं न ठेवता जेवल्या. आम्ही घाबरलो.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कौसाबाईच्या गावामागची बोडकी टेकडी धरली. पाणी अडवायचं, विहीर भरायची, म्हणजे बायांना जावंच लागणार नाही. पावसाळ्याआधी चर खणले, मग लिंब, करंज, सीताफळ लावलं. प्रत्येक झाड एकेका बाईच्या नावावर, आणि सवयच ती, प्रत्येक झाडाचा केसपेपर. दिवाळी झाली, मुकादमाचे ट्रक आले, बाया तोडीला गेल्या. संक्रांतीपर्यंत टेकडीवर नुसत्या काड्या उरल्या. वन्संनी तडक कोपरगावकडचा उसाचा फड गाठला आणि डोक्यावर मोळी घेतलेल्या एका बाईला अडवलं, "झाड वाळलं तुझं." बाई म्हणाली, "मी हितं, झाड तिथं. तुमीच सांगा ताई, काय करू?"

त्या रात्री जेवताना मी आयुष्यात पहिल्यांदा वन्संवर चिडले. ज्या बाया दिवाळीनंतर गावात नसतात हे इतकी वर्षं बघताय, त्यांच्याच नावानं झाडं लावताना कळलं नाही? त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "न जाणाऱ्या बाया कोण, सांग." उत्तर त्यांनीच दिलं. ऑपरेशननंतर ज्यांच्या कमरा गेल्या, ज्यांना मुकादम नेत नाही, त्या.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावलेली झाडं त्या बायांकडे गेली; कौसाबाईही आता त्यांतलीच. भरलेली कळशी त्यांना पेलत नाही, म्हणून अर्धी अर्धी नेतात. शेळी दिसली की वन्संना लाजवतील अशा शिव्या घालतात. मुरूम न्यायला आलेल्या जेसीबीसमोर त्या कमरेला हात लावून बसल्या आणि उठल्याच नाहीत. चार वर्षं झाली. झाडं जगली.

यंदा दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा मीही तिथं होते. कौसाबाईनं हातातली अर्धी कळशी खाली ठेवून सुनेचं बोचकं ट्रकमधून ओढलं. "सून ऱ्हाती घरी. हिरीला पानी हाय, ज्वारी भिजवायची हाय." वन्संचे डोळे भरले. मग कौसाबाई टेकडीकडे बघत म्हणाली, "ताई, ह्ये पानी माझ्या वक्ताला असतं, तर माझी पिशवी बी ऱ्हायली असती."

वन्संना यावर कुणावर रागवावं ते सुचेना. त्यांनी तिची कळशी उचलली, विहिरीवर काठोकाठ भरली आणि तिच्या झाडाकडे चढू लागल्या.