वेळेवर पोचलेली बस
“हवालदारसाहेब, पोरं कुठी हायेत?” मुख्याध्यापिका बाई शाळेच्या फाटकातून अशा ओरडल्या, की शहरातल्या राजापेठेतला आवाज थेट लांबच्या धारणीच्या जंगलात पोचला असावा. फौजेत सतरा वर्षं ट्रक हाकून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माझा शाळेच्या बसवर तो पहिलाच दिवस. आधीची दोन कामं महिन्याभरात सुटली होती. हेही गेलं तर घरी तोंड दाखवायची सोय नव्हती. म्हणून पहाटे चारपासून बूट घालून अंगणात येरझारा घालत होतो. प्रत्येक थांब्यावर ठरल्या मिनिटाला पोचलो. कोणाची वेणी राहिली होती, कोणाचा डबा. मी कशाला थांबतो? “म्याडम, एक मिनिटही उशीर नाही!” रिकाम्या बससमोर मी कडक सलाम ठोकला. बाईंनी घड्याळ पाहिलं, बस पाहिली आणि म्हणाल्या, “उद्या पोरंई घेऊन या.”