पिवळा थेंब आणि ज्ञानाची व्याख्या

गवंडी हातोडा घेऊन चौथ्या मजल्यावर म्हात्रेकाकूंच्या दारात उभा होता आणि घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आदल्या संध्याकाळी काकूंच्या मुलाची हळद झाली होती, लग्न उद्यावर आलं होतं. गोडदेवमधल्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी पवारसाहेब मात्र ऐकायला तयार नव्हते.

"बाथरूम आजच फोडा. लग्न झालं की ही मंडळी घर बंद करून देवदर्शनाला जातायत. खालच्याचं सीलिंग तोवर टिकेल काय?"

काकू रडकुंडीला आल्या होत्या. सून घरात येणार आणि बाथरूमच्या जागी खड्डा.

मी तत्त्वज्ञानात एम.ए. आहे. भाईंदर पूर्वेत या डिग्रीवर जी नोकरी मिळते ती मला मिळाली आहे: इमारतींची गळती शोधायची आणि रिपोर्ट लिहायचा. आमची मुख्य टेस्ट म्हणजे पॉण्ड टेस्ट. बाथरूमची जाळी बुजवायची, लादीवर रंगीत पाणी साठवायचं, भिंतीवर पातळीची पेन्सिलने खूण करायची आणि रात्रभर थांबायचं. खाली रंग उतरला की वरचा दोषी. आमची पावडर पिवळी असते. हळदीच्या दिवशी पिवळी पावडर टाकण्याचं डोकं आमचंच.

सकाळी तिसऱ्या मजल्याच्या सीलिंगवरून पिवळा थेंब पडला. माझे बॉस भावेशभाई खूश.

"हो गया. लिख, सोर्स माहीत आहे, चौथा मजला."

कॉलेजात शिकवलेली जुनी व्याख्या मला पाठ होती. आपल्याला एखादी गोष्ट वाटते, ती खरी असते आणि तसं वाटायला चांगलं कारण असतं, तेव्हा तिला ज्ञान म्हणायचं. इथे वाटत तर सगळ्यांनाच होतं. कारण डोळ्यांसमोर टपकत होतं. मग ते खरंही असणार, असं आम्ही धरून चाललो.

रिपोर्टला फोटो हवा म्हणून मी काकूंच्या बाथरूममध्ये डोकावलो. पाणी बरोबर पेन्सिलच्या खुणेवर उभं होतं, जरासुद्धा उतरलं नव्हतं. मग खाली काय टपकतंय?

"काकू, काल हळदीनंतर लोकांनी आंघोळी कुठे केल्या?"

"वरती, पवारांकडं. न्हाणी तुमीच बंद केली न्हाय का? पवारच बोलले, आमच्याकडं पाठवा सगल्यांना."

मी खाली धावलो. पुढचा थेंब रुमालावर धरला आणि त्यावर कपड्याचा साबण घासला. डाग लालसर झाला. लग्नाचे कपडे धुतलेल्या कुठल्याही घरात हे ठाऊक असतं. साबण लागला की हळद लाल होते. आमची पावडर होत नाही.

"बॉस, ही हळद आहे. पाचव्या मजल्यावरची."

"अरे, पिवळा तो पिवळा. काल तूच पावडर टाकली ना?"

"टाकली. पण ती वरच उभी आहे."

खात्री करायला मी पवारसाहेबांच्या बाथरूममध्ये बादलीभर नीळ ओतली. जरा वेळाने खाली निळा थेंब पडला. प्लंबर डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या बोळात उतरला. चौथ्या मजल्याच्या खाली सामायिक पाइपचा जॉइंट उघडा पडला होता. दुरुस्ती बाहेरून होणार होती. पाइप सोसायटीचा, म्हणजे काम पवारसाहेबांच्याच गळ्यात.

ते निळ्या थेंबाकडे बघत म्हणाले, "म्हणजे शेजारधर्म करून पुरावा मीच दिला."

गवंड्याने हातोडा पिशवीत टाकला. काकूंनी त्यालाही जेवायला बसवलं. मला इतका आनंद झाला की भूक नसताना मीही बसलो.

ऑफिसला परतताना भावेशभाईंनी रिपोर्टचा कोरा कागद काढला. मग म्हणाले, "कारण तर होतं आपल्याकडे. चांगलं होतं. मग चुकलो कुठे?"

मी सांगितलं, की कारण नुसतं चांगलं असून भागत नाही. त्याचा धागा त्याच गोष्टीला बांधलेला लागतो. हाच पिवळा थेंब दुसऱ्या कशाने पडला असता का, हे विचारल्याशिवाय 'माहीत आहे' म्हणायचं नाही.

"ये बात तो रिपोर्ट में डाल," भावेशभाई म्हणाले.

तत्त्वज्ञांनी ज्ञानाच्या व्याख्येत पुष्कळ दुरुस्त्या सुचवल्या आहेत. आमच्या ऑफिसची दुरुस्ती आजवर टिकली आहे. पावडर टाकण्याआधी आम्ही विचारतो, बिल्डिंगमध्ये कुणाचं लग्न आहे का.