फ्रीचं केमिकल आणि पहिलं ताट

शेवग्याचा पाला सावलीत वाळवला की टोपलंभर पाल्याची वाटीभर पूड होते. पण तोच पाला निवडायला सात बाया बसल्या की जे बोलणं निघतं, ते वाळत नाही, उलट फुगतं. घाटनांदूरच्या अलीकडं आमचं गाव, आमचा सात जणींचा बचत गट. शेवग्याची पूड, जवसाची न् कारळाची चटणी, केसांना शिकेकाई-रिठा, एवढाच आमचा कारखाना. मी त्यातली सगळ्यात म्हातारी, म्हणून सगळ्या मला आक्का म्हणतात. शाळेची पायरी मी चढले नाही. अक्षरं शिकले ती किराणा बांधून यायच्या कागदावरून. त्यामुळं आजही कोणत्याही पुडीची मागची बाजू वाचल्याशिवाय मी ती घरात घेत नाही. लोक चिडतात. चिडू द्या.

तर पहिला किस्सा लेबलाचा. शिकेकाईच्या पुडीवर मोठ्या अक्षरात काय छापायचं, यावर आमची तासभर वादावादी झाली. शेवटी छापखानेवाल्याच्या मनानं ‘केमिकल फ्री’ छापलं. पहिल्याच आठवडी बाजारात एका पाव्हण्यानं दोन पुड्या घेतल्या, पिशवीत टाकल्या आणि तिथंच उभा राहिला.

कौसा विक्रीला बसली होती. कौसा म्हणजे आमच्या गटाची खजिनदार, माझी पन्नास वर्षांची मैत्रीण. ती म्हणाली, “अजून काय पायजे, भाऊ?”

“पुडीवर लिवलंय केमिकल फ्री. मग ते फ्रीचं केमिकल कुठाय?”

मी समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात कौसा अगदी शांतपणे म्हणाली, “संपलं भाऊ. सकाळीच लोकांनी नेलं.”

पाव्हण्यानं मान हलवली. “पुढच्या बाजारी माझं बाजूला ठेवा.”

त्याच बाजारात दुसरा प्रकार घडला. कौसाची सून रेखा, पाचवा महिना लागलेला. आदल्याच दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टरनं तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, बोट टोचलं आणि सांगितलं, “रक्त लई कमी हाय. गोळ्या चालू करा, खाणं सुधरा. वाढलं न्हाई तर अंबाजोगाईला नेऊन रक्ताची बाटली लावावी लागंल.” आम्ही सगळ्या काळजीत, आणि ही पोरगी एका गाड्यावर गोरं व्हायची क्रीम हातात घेऊन उभी!

मी डबी घेतली. उलटी केली, सुलटी केली. कुणी बनवली ते नाही, कुठं बनवली ते नाही, आत काय घातलंय तेही नाही. नुसता एका बाईचा फोटो.

“याच्यात काय हाय रे?”

“गोरेपणा हाय, आजी.”

“कुणाचा?”

गाडेवाला डबी मागायला लागला. मी म्हटलं, “घटक लिहिल्याशिवाय असलं विकू नको. काही क्रीममधी पारा निघतो, आणि ही पोटुशी बाई हाय.” मग रेखाकडं वळले. “आणि तू गं? अंगातलं रक्त कमी होऊन आधीच पांढरी पडलीस. अजून किती गोरी होतीस?”

रेखा हसली. पण हसताना तिला धाप लागली, तेव्हा माझं हसू बंद झालं. त्या दिवशी मी ठरवलं, हिला बाटली लागू द्यायची नाही. शेवगा, हरभऱ्याचा पाला, जवसाची न् कारळाची चटणी, तिळाचे लाडू, जे आमच्या गटात होतं ते सगळं रोज कौसाच्या घरी जायला लागलं.

आता कौसाचा नवरा. दादाराव. केसांची लई हौस. काळ्या डायनं त्याच्या कपाळावर पुरळ उठलं, तरी महिन्याला लावायचाच. मी दटावलं, “डोकं हाय का तवा हाय? नुसती मेंदी लाव.” मेंदीची पूड मीच दिली. कौसानं ती शेवग्याच्या पुडीशेजारी ठेवली. दोन्ही हिरव्या, दोन्ही स्टीलच्या डब्यात.

दादारावनं चहाच्या पाण्यात पूड कालवली, डोक्यावर थापली आणि दोन तास उन्हात बसला. धुतलं तर केस होते तसेच पांढरे. फक्त दारातली शेळी त्याच्या मागं मागं फिरायला लागली.

तोवर आत कौसानं दुसऱ्या डब्यातली हिरवी पूड घालून थालीपीठाचं पीठ मळून झाकून ठेवलेलं. अर्ध्या तासानं गोळा करायला घेते, तर तळहात लालभडक! पीठ तसंच उचलून उकिरड्यावर टाकलं. दादाराव तरातरा आत आला, “कावून रंगंना गं हे?” कौसानं आपले हात पुढं केले.

रेखा पदरात तोंड लपवून म्हणाली, “आत्या, मेंदी लई रंगली. मामाचं प्रेम हाय म्हणायचं.”

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक डब्यावर माझ्या हातानं लिहिलंय, ‘खायचं’ किंवा ‘लावायचं’. काही बायांना हसू येतं. येऊ द्या.

महिना झाला. सिस्टरनं पुन्हा रेखाचं बोट टोचलं. रक्त जिथल्या तिथं. माझा तर अपमानच झाला. रोज डबा भरून जातोय, आणि तो जातोय कुठं? मला वाटलं, ही पोरगी शेळीला घालत असणार. एक दिवस न सांगता मी बरोबर जेवणाच्या वेळेला कौसाच्या ओट्यावर जाऊन बसले.

पहिलं ताट दादारावचं. मग त्याच्या लेकाचं. मग कौसा बसली. सगळ्यात शेवटी रेखा, भाकरीचा चतकोर आणि भाजीच्या कढईतला रस्सा घेऊन.

“भाजी कुठाय गं?”

“संपली, आक्का.”

“अन् माझी चटणी? लाडू?”

दादाराव ओट्यावर हात धुवत होता. चेहरा असा तुकतुकीत, जणू चिंचेनं घासलेला तांब्याचा हंडा. तो म्हणाला, “आक्का, चटणी लई भारी झालती. लाडू जरा वाढवा. दोघा बापलेकांना पुरंनात.”

मी कौसाला आत ओढलं. “गावाला शिकवीत फिरतो आपण, आणि तुझी पोटुशी सून कढई पुसून खाती?”

कौसा खाली बघत म्हणाली, “मी बी तशीच जेवले, आक्का. चाळीस वर्सं झाली. मला कुठं काय झालं?”

“उद्यापासून पहिलं ताट सुनंचं,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून पहिलं ताट रेखाचं. वर लिंबाची फोड, आणि गोळीवर चहा बंद, सिस्टरनं सांगितलं तसं. दादाराव दोन दिवस फुगून बसला. बसू द्या, म्हटलं.

आणि मग पुढची तपासणी. आम्ही सगळी वरात उपकेंद्रात. रेखानं बोट पुढं केलं, सिस्टरनं मशीनकडं बघितलं. कौसाचा श्वास मला ऐकू येत होता.

“वाढलंय की! चांगलं वाढलंय. गोळ्या बंद करू नका, पण आता बाटलीचं काम न्हाई.”

कौसानं सुनेच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. त्या आनंदात तिनं स्वतःचंही बोट पुढं केलं. “सिस्टर, माझं बी बघा की गंमत म्हणून.”

सिस्टरनं टोचलं. मशीन बघितलं. पुसलं, पुन्हा टोचलं. “मावशी, तुमचं तर सुनंच्या पयल्या वेळेपेक्षा कमी हाय.”

मग रेखा उठली, सासूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “आत्या, आजपासून तुमी माझ्यासंगं पयल्यांदा बसायचं.”

कौसा गोंधळली. तिला खरोखरच कळेना. “अगं, आपण दोघी पयल्यांदा बसलो, तर शेवटाला जेवायचं कुणी?”

सिस्टरनं पेन खाली ठेवला. मी दाराकडं बघितलं. रेखानं बघितलं. हळूहळू कौसानंही मान वळवली.

दारात दादाराव उभा होता. गाल फुगलेला, हातात अर्धा लाडू.

“काय झालं?” तो म्हणाला.