मुलीच्या मामांना बोलवा

दरडीतून वाचलेल्या तीन वाड्यांतली माणसं एका नव्या वसाहतीत आणून वसवली होती. घरं एकसारखी, शेजारी मात्र अनोळखी. तिथलं पहिलं लग्न सुमनताईंच्या लेकीचं, रेश्माचं. मी तिची शाळेतली बाई, म्हणून मलाही आमंत्रण होतं.

अंतरपाट धरला आणि बाहेरगावच्या भटजींनी नेहमीसारखी हाक दिली, "मुलीच्या मामांना बोलवा, मुलीला घेऊन या."

रेश्माचे दोन्ही मामा दरडीखाली गेले होते. सुमनताईंनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात मागून तुकारामभाऊ उठले. ते दुसऱ्या वाडीतले. त्यांची एकुलती बहीण त्याच दरडीत गेली होती.

"ताई, मी आणू का पोरीला?"

सुमनताईंनी नुसती मान हलवली.

रेश्माचा हात धरून ते सावकाश चालत आले. दोघांचेही डोळे वाहत होते. स्वतःचं दुःख इतकं ओलं असताना दुसऱ्याच्या मांडवात असं उभं राहायला केवढं बळ लागत असेल, असं मला वाटत राहिलं.

अक्षता पडल्यावर सुमनताई त्यांच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, "भाऊ, भाऊबीजेला जेवायला आमच्याकडंच यायचं. समोरच तर घर आहे."