ओळखीची फेरी

आमच्या कंपनीतल्या काकांइतका माणसांचा सोस असलेला मनुष्य अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल. एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते आमच्याकडे प्रशासन अधिकारी म्हणून आले, तेव्हा नारायण पेठेत एका छापखान्याच्या वर दोन खोल्यांत आम्ही अकरा जण संगणक बडवत होतो. काकांनी आल्या आल्या नियम केला: नवा माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी ते त्याला प्रत्येकाच्या टेबलापाशी नेणार आणि रीतसर ओळख करून देणार. बाविशीतल्या पोरापोरींनाही ते अहोजाहो करत. "ह्या सुजाता, चंद्रपूरच्या. घर सोडून पहिल्यांदाच राहताहेत. रविवारी ह्यांना करमणार नाही, लक्षात असू द्या." सुजाता लाजेनं अर्धी झाली, पण त्या रविवारी तिला तीन घरांतून जेवणाचं बोलावणं आलं. तीनही घरं पुणेकरांची होती, हे मुद्दाम सांगतो.

ही फेरी तेव्हा दहा मिनिटांत आटपायची. पुढे परदेशातली कामं मिळत गेली, पेठ सुटली, काचेची चार मजली इमारत आली आणि बघता बघता आम्ही चारशे झालो. काका मात्र नियमाला चिकटून. फेरीला आता दोन दिवस लागायचे, आणि मध्येच आणखी कोणी रुजू झालं की त्यालाही त्याच वरातीत घेऊन पुन्हा तळमजल्यापासून सुरुवात. सोमवारी आलेला एक इंजिनिअर गुरुवारीही हात जोडत फिरताना दिसला. त्याच्या मॅनेजरनं विचारलं, "माणूस हरवल्याची तक्रार कुठं द्यायची?" शेवटी साहेबांनी काकांना बोलावून जमाना बदलल्याचं समजावलं. काका म्हणाले, "अहो, नाव माहीत नसलेल्या माणसाला चूक दाखवता येते. मदत मागता येत नाही." साहेबांनी चहा पाजला आणि फेरी बंद केली.

तिच्याऐवजी नव्या माणसाची फोटोसकट ईमेल येऊ लागली. ती सगळे न वाचता पुसून टाकत. मग सगळ्यांची टीम बांधायला म्हणून साहेबांनी मुंबईहून एक प्रशिक्षक बाई बोलावल्या. त्यांनी आम्हाला एका रिसॉर्टच्या हिरवळीवर उभं केलं. डोळे मिटून मागे पडायचं, मागचे सहकारी झेलणार, म्हणजे विश्वास वाढतो म्हणे. काकांची पाळी आली. "पडतो की," ते म्हणाले, "फक्त मागच्या सहा जणांनी एकमेकांची नावं सांगावीत." दुसऱ्याच नावाला गाडी अडली. काका काही पडले नाहीत. आम्ही पोट धरून हसलो, मीही हसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

फेरी गेल्यावर काकांना करण्यासारखं फारसं उरलं नाही. सकाळी ते लिफ्टपाशी उभे राहून येणाऱ्यांना नाव विचारत. लोक न थांबता गळ्यातलं ओळखपत्र दाखवून पुढे जात. काकू जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, मुलगी परदेशात होती, विश्रांतवाडीच्या घराचं कुलूप तेच लावत आणि तेच उघडत. हे मला त्यांच्या निरोपाच्या आठवड्यात कळलं. घरी कोण असतं, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना विचारलं होतं. त्यांना ते एकानंही विचारलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्या महिन्याच्या वाढदिवसांबरोबरच त्यांचाही केक कापला. मग ते म्हणाले, "चला, सगळ्यांचा निरोप घेऊन येतो." त्यांना एकट्यानं जाऊ देववेना, म्हणून मी सोबत निघालो. बरेच जण पडद्यावरून नजर न हलवता "हाय सर" म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर मात्र एक तरुण इयरफोन काढून चक्क उभा राहिला, हात पुढे करून म्हणाला, "वेलकम, सर! कुठल्या टीममध्ये जॉइन झालात?"

मी काही बोलणार तोच काकांनी माझा दंड हलकेच दाबला. त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "अजून ठरायचंय. आपलं नाव काय? कुठले आपण?" किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा फुलला होता. तो अमोल, मूळचा अकोल्याचा, इथं खोली घेऊन एकटाच राहणारा. काकांनी वळून, अगदी पूर्वीसारखी, माझी आणि त्याची रीतसर ओळख करून दिली.

अमोल दोन वर्षं माझ्या मागच्याच रांगेत बसत होता.