लॉगबुकातले चार तास

ज्या माणसाने माझा पहिला कॉम्प्युटर प्रोग्रॅम बुडवला, तो आज सकाळी गेला.

म्हात्रेकाका. कोपरला, घरी, सकाळचा चहा घेऊन झाल्यावर. त्यांच्या सुनेचा फोन आला.

रडले. आता लिहितेय, कारण काकांना रडकी माणसं अजिबात आवडायची नाहीत.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. डोंबिवली एमआयडीसीतली आमची फॅक्टरी, कापडाला लागणारे रंग बनवणारी. मी ऑपरेशन्स रिसर्च शिकून आलेली, नवीकोरी, आणि नाकावर माशी बसू न देणारी.

काका पहिल्या पाळीचे हेड ऑपरेटर. गावचे आगरी. आवाज असा की मशीन बंद न करता दुसऱ्या टोकाच्या माणसाला बोलवायचे.

माझ्या रिसर्चचा विषय एकच. कुठल्या टाकीत कुठला रंग कधी बनवायचा, ते कॉम्प्युटरने ठरवायचं. टाक्या तीन, रंग डझनभर. एक रंग झाला की टाकी धुवायची, मगच दुसरा.

तोवर हे सगळं काकांच्या डोक्यात असायचं, आणि थोडंसं भिंतीवरच्या फळ्यावर.

मी वर्षभराची लॉगबुकं बसून फीड केली. प्रत्येक धुलाईपुढे लिहिलेलं, चार तास. सगळीकडे चार तास!

मला केवढा आनंद. इतका स्वच्छ डेटा मिळतो कुणाला?

(बावळट! दरवेळी आकडा सारखाच कसा येईल, हा प्रश्न काही मला पडला नाही.)

प्रोग्रॅमने प्लॅन काढला. सोमवारी नेव्ही ब्लू, मंगळवारी त्याच टाकीत लिंबू पिवळा.

काकांनी प्लॅन बघितला. मग माझ्याकडे बघितलं. आणि सरळ कामाला लागले.

पिवळा निघाला पोपटी. अख्खी बॅच.

मॅनेजर साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं. "मॅडम, पुढच्या महिन्यात एक्सपोर्टची ऑर्डर आहे. तेवढा एक चान्स. परत असं झालं तर हा डबा विकायचा आणि तुम्ही डिस्पॅचला टायपिंग करायचं."

टायपिंग! माझा तीळपापड झाला. तशीच तणतणत टाक्यांपाशी गेले.

"काका, तुम्हाला माहीत होतं ना पिवळा बिघडणार? मग बोलला का नाहीत?"

"तू इचारलास कवा?"

"विचारायचं काय त्यात? लॉगबुकात तुमची सही आहे. चार तास!"

काका हसले. "अगो, तो साह्यबाचा नियम हाय. जास्ती लिवला तं चौकशी, कमी लिवला तं म्हनतो बाकीच्या टायमाला काय केलाव? मंग आमी चारच लिवताव."

"मग खरे किती?"

"पिवल्यावर कालं, अर्धा तास. काल्यावर पिवलं, अख्खा दिवस. तो बी उकलत्या पान्यानं."

वर्षभराचं काम खोट्या आकड्यांवर उभं होतं.

तेव्हा काकांनी कपाटामागून एक तार काढली. तिला ओवलेले फिल्टर पेपर, शेकड्याने. प्रत्येक धुलाईचं शेवटचं पाणी कागदावर थेंबभर टाकायचं, उन्हात धरायचं, डाग राहिला तर परत धुलाई. ही काकांची पद्धत. आणि कागदाच्या मागे पेन्सिलीने आधीचा रंग, नंतरचा रंग, लागलेला वेळ. सगळं खरं.

"हे मना लागतं. साह्यबाला नाय."

मी ती तार कचरा समजून तिच्या बाजूने वर्षभर ये-जा करत होते हो!

मग रोज जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये आम्ही दोघं. ते वाचायचे, मी उतरवून घ्यायचे. मध्येच त्यांचं सुरू, "जेव गो आधी, कागद कुठं पलून नाय जात."

नवीन प्लॅन आला आणि काका भडकले.

सोमवारी प्रत्येक टाकीत पहिला मान पिवळ्याचा, हळदीसारखा. ही त्यांची रीत. आणि माझा प्रोग्रॅम म्हणत होता, तीन नंबरमध्ये महिनाभर फक्त गडद रंग. पिवळा नाहीच.

"माजी तीन नंबर काय बिनहलदीची ठेवतेस?"

दोन दिवस कँटीनमध्येही फिरकले नाहीत. फळ्यावर खडूने काहीतरी मांडत होते, पुसत होते.

तिसऱ्या दिवशी स्वतःच आले. "मोठी धुलाई सात येला व्हायची ती एकदाच व्हते. मी चार येला मोजून बगितला. दोन टाक्यांना हलद लावू, तिसरी राहू दे काली. तुज्या डब्याला अक्कल हाय गो."

आणि ऑर्डर गेली! दोन दिवस आधी गेली! पिवळा असा निघाला की बघत राहावं. पॅकिंगवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. मी चक्क टाकीभोवती नाचले. साहेब खाली आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "हा कॉम्प्युटर इथून हलवायचा नाही."

त्या कामावर मी पेपर लिहिला. लेखक दोन, मी आणि काका. मुंबईत सेमिनार होता. काका कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत.

माझं बोलून झालं आणि एका प्रोफेसरांनी हात वर केला. "ऑपरेटरने पेन्सिलीने लिहिलेले आकडे. त्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

मी हातातले कागद चाळायला लागले.

मागून आवाज आला. माईकची गरज नव्हतीच.

"साह्यब, मी खोटा लिवला तवा हिचा प्लॅन परला. खरा सांगला तवा उभा रायला. आनखी काय पुरावा पायजे?"

हॉलभर टाळ्या. त्या प्रोफेसरांच्याही.

त्या टाळ्या मी आयुष्यभर पुरवून वापरल्या, काका.

सावकाश जा. मनापासून नमस्कार.