दिघेकाका आणि फिरतीची डबी

दर रविवारी दुपारची जेवणं झाली की दिघेकाका बायकोला ओट्यावर बसवायचे आणि डोळे मिटायला सांगायचे. शैलाकाकू भिंतीला टेकून, पदर सावरून निमूट डोळे मिटायच्या. काका त्यांच्या मांडीवर एक पत्र्याची डबी ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, अंधार झालाय. काहीही दिसत नाही. चिमटा काढ." काकूंची बोटं डबीत फिरायची, चिमटा बाहेर यायचा. "आता मेणबत्ती." मेणबत्ती यायची. एकदा चिमट्याऐवजी ब्लेडच हाताला लागलं आणि बोट थोडंसं कापलं. काकूंनी बोट पदरात गुंडाळलं, पण काकांचा सगळा रविवार हळहळण्यात गेला. पुढच्या आठवड्यात त्या ब्लेडला चामड्याचं इवलंसं म्यान शिवलेलं होतं.

मी सांगलीकडची. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन देवासला आले. मोहन, म्हणजे माझा नवरा, एका कारखान्यात होता. दिघेकाका त्याच कारखान्यात टूलरूमला. आमची दोन घरं एका भिंतीची. काका अंगाने बारीक, उंच, जरासे वाकलेले. साताऱ्याहून ऐन पंचविशीत नोकरीसाठी आलेले, त्यामुळे बोलण्यात मराठी आणि माळव्यातली हिंदी यांची सरमिसळ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "सुलभा, इधर का पाणी जमतंय ना? नाही जमलं तर सांगू नकोस. दुसरं नाहीये."

काकू अंगणवाड्यांच्या सुपरवायझर होत्या. आधी बागलीला होत्या, तेव्हा संध्याकाळच्या बसने घरी यायच्या. मग त्यांची बदली धार जिल्ह्यात गंधवानीला झाली. तिथून रोज येणं शक्यच नव्हतं. त्या तिथे एक खोली घेऊन राहू लागल्या. सोमवारी पहाटे जायचं आणि शनिवारी संध्याकाळी परत यायचं. काम पायी फिरण्याचं. तिकडच्या वस्त्यांना फळिये म्हणतात. एका टेकाडावर चार घरं, दुसऱ्या टेकाडावर तीन, मधे नाले. काकू एका फळियातून दुसऱ्यात जायच्या, पोरांची वजनं घ्यायच्या, बायकांशी बोलायच्या. मूलबाळ या दोघांना नव्हतं.

बदलीची ऑर्डर आली तेव्हा काकांनी पहिली पिशवी भरली ती सैनिकाला द्यावी अशी. दोरखंड, मोठी बॅटरी, पान्हा, पातेलं, चादर. काकूंनी ती उचलून पाहिली आणि खाली ठेवली. म्हणाल्या, "अहो, तिथेही माणसं राहतात. त्यांच्याकडे काडेपेटी असते."

एवढंच. काकू मुळातच कमी बोलणाऱ्या. दिवसभरात त्यांचा आवाज माझ्या भिंतीतून क्वचित ऐकू यायचा. पण त्या एका वाक्याने काका विचारात पडले. कारखान्यात ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब करणारे गृहस्थ. त्यांनी काकूंच्या पर्सच्या आतल्या कप्प्याचं माप घेतलं आणि त्या मापाची डबी स्वतः पत्रा कापून केली. कडा अशा घासल्या होत्या की गालावरून फिरवली तरी ओरखडा उठू नये. मग त्या डबीत काय घालायचं यावर त्यांचे कित्येक महिने गेले.

"जादा ठेवायला काय लागतं, भिया," ते मोहनला म्हणायचे, "कमी ठेवायला डोकं लागतं." त्यांचा नियम असा, की ज्या वस्तूला दोन कामं येत नाहीत तिला डबीत जागा नाही. सेफ्टी पिन चपलेचा तुटलेला पट्टा धरते आणि काटाही काढते, म्हणून ती राहिली. मेणबत्ती उजेड देते, छत्रीची अडकलेली काडीही तिचं मेण चोळलं की सरकते, म्हणून राहिली. खताच्या गोणीच्या आतलं प्लॅस्टिक घडी करून ठेवलं, डोक्यावर घ्यायला आणि ओल्या दगडावर बसायला. शिट्टीला दुसरं काम सापडेना. काका दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी म्हणाले, "राहू दे. शैलाला हाका मारायची सवय नाही." काडेपेटीतल्या काड्या फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत. ती डबी बादलीभर पाण्यात दिवसभर बुडवून ठेवली आणि संध्याकाळी मला बोलावून आतली एक काडी ओढून दाखवली. काडी पेटली. काका त्या ज्योतीकडे पाहत राहिले आणि बोटाला चटका बसेपर्यंत त्यांनी ती विझवली नाही.

आठवडाभर काका एकटे. घरी आले की रेडिओ लावायचे आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. ऐकायचे नाहीत, नुसता चालू ठेवायचे. मी कधी भाजी दिली तर वाटी परत करताना तीत लिंबू किंवा कढीपत्ता असायचा. पोळ्या मात्र ते करत नसत, भातच. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "एकट्या माणसाने पोळ्या करू नयेत. करेपर्यंत पहिली गार होते, आणि शेवटची कुणाला वाढायची ते कळत नाही." मोहनची रात्रपाळी असली की मीही एकटीच असे. भिंतीपलीकडे रेडिओ चालू आहे एवढ्यावर मला झोप लागे.

शनिवारी संध्याकाळी काकू आल्या की पाय धुऊन चहा घ्यायच्या, आणि काका डबी उघडायचे. मी अनेकदा तिथे असे. काय जागेवर नाही ते काका पाहत.

"पट्टी संपली."

"रेमलीच्या मुलाला कुत्रं चावलं. बांधून दवाखान्यात पाठवला."

"आणि सुतळी?"

"वजनकाट्याची दोरी तुटली. त्याला लावली."

"गूळ-दाणे खाल्लेस तू?"

"खाल्ले की."

"खरं सांग."

"अर्धे खाल्ले. अर्धे वाटले."

काकूंचा आठवडा असा कळायचा. डबीत जे कमी झालं त्यातूनच. आपण होऊन त्या काही सांगत नसत, आणि नुसतं "कशी आहेस, काय काय केलंस" असं विचारणं काकांना जमत नसे. पट्टी, सुतळी, काड्या यांच्याबद्दल विचारणं जमे. रविवारी ते सगळं पुन्हा भरत, काकूंना डोळे मिटायला लावत, आणि सोमवारी पहाटे स्टँडवर पोचवून येत.

काही वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात काका आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. मोहनला म्हणाले, "डबी भरलेली परत येतेय."

"म्हणजे चांगलंच की, काका. काही लागलं नाही."

"तसं नाही. गेले काही शनिवार काडीसुद्धा ओढलेली नाही. गूळ तसाच. पावसाळ्यानंतरचे हे दिवस तिच्या फिरतीचे असतात. शैला चालत नाहीये."

काकूंना विचारलं का, असं मी म्हटलं. "विचारलं. म्हणाली, ऑफिसातच काम होतं. ती खोटं बोलते तेव्हा पूर्ण वाक्य बोलते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि गंधवानीची बस धरली. इतक्या वर्षांत ते एकदाही तिकडे गेले नव्हते. कारखान्याला रविवारचीच सुटी, आणि रविवारी काकूच घरी असत. तिथे काय झालं ते त्यांनी नंतर आम्हाला सांगितलं. काकू घरमालकाच्या अंगणात खाटेवर बसल्या होत्या. पाय सुजलेले. त्यांच्याच एका अंगणवाडीची सेविका गरम पाण्यात फडकं बुडवून पाय शेकत होती. काकांना पाहून काकू म्हणाल्या, "कसे आलात?"

"बसने."

"जेवलात?"

"शैला, मला सांगितलं का नाहीस?"

काकू म्हणाल्या, "सांगितलं असतं तर त्या डबीत तुम्ही अख्खं औषधाचं दुकान बसवलं असतं."

इंदूरला दाखवलं. हृदयाची झडप लहानपणापासून कमजोर होती, आता ती थकली होती. औषधं घ्या, चढ चढू नका, एकटं राहू नका, असं सांगण्यात आलं. काकूंची बदली देवासला व्हावी म्हणून काकांनी धडपड केली. ती होईना, आणि काकूंनाही ती फारशी नको होती हे हळूहळू काकांच्या लक्षात आलं. तेव्हा कारखान्यात माणसं कमी करणं चाललं होतं. स्वेच्छेने जाणाऱ्यांना जाऊ देत होते. काकांनी अर्ज दिला. मोहनने समजावलं, अजून सात-आठ वर्षं नोकरी आहे, घाई करू नका. काका म्हणाले, "भिया, मशिनला दुसरा माणूस मिळतो."

घराला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली. मी विचारलं, "आता डबी कशी भरणार? तिकडे सगळं सामान मिळतं का?"

"आता डबी कशाला? मीच बरोबर असतो."

पुढची अडीच-तीन वर्षं ती दोघं गंधवानीला होती. सणावाराला येत. काका उन्हाने रापलेले, अंगाने जरा भरलेले. पोळ्या करायला शिकले होते. काकू जिथवर बस किंवा जीप जाते तिथवर जात. पुढच्या टेकाडावर काका जायचे, निरोप सांगायचे, बायकांना खाली बोलावून आणायचे. काकू पूर्वीइतक्याच गप्प. पण एका दिवाळीत मी फराळाचं ताट घेऊन गेले तर काका ओट्यावर काकूंच्या केसांना तेल लावत होते. मला पाहून थांबले नाहीत. मी ताट ठेवून लगेच परतले. त्या दुपारी मला माझं घर फार मोठं वाटलं.

काकू गेल्या त्या माघात, सकाळी, चहाची कपबशी हातात असताना. आम्हाला फोन आला तोवर दुपार झाली होती. मी आणि मोहन पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. अंगणात कितीतरी बायका बसल्या होत्या, नुसत्या बसल्या होत्या. काका खाटेवर. मला पाहून म्हणाले, "सुलभा, चहा अर्धा प्यायली होती."

तेरावं झालं की काका देवासला येतील असं आम्ही धरून चाललो. मी घर झाडून घेतलं, नळ चालू आहेत का पाहिलं, गॅसची टाकी भरून ठेवली. ते आले नाहीत. फोन केला तर "येतो, येतो" म्हणत. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. पलीकडचं घर बंदच. मोहन म्हणाला, "तिथे त्यांचं कोण आहे? म्हातारपणी पडले-बिडले तर?" शेवटी मीच त्यांना आणायला गेले.

काका त्याच खोलीत राहत होते. दार उघडंच. जेवायला भात आणि दोन पोळ्या केल्या होत्या. घरात काकूंचा एकही फोटो नव्हता. जेवण झाल्यावर मी विषय काढला तर म्हणाले, "चल, जरा फिरून येऊ."

गावाबाहेर नाल्याच्या पलीकडे हातपंप होता. तिथे पाणी भरणाऱ्या एका बाईने काकांना हाक मारली, "दीदी के घरवाले!" मी दचकले. दीदी म्हणजे काकू, आणि घरवाले म्हणजे त्यांचा नवरा; काकांना ते रोजचं असावं. ती बाई माझ्याकडे बघून काकांना म्हणाली, "ये भी दीदी के गाँव की हैं क्या?"

"हाँ. पडोस की," काका म्हणाले.

मग ती मला सांगू लागली. कमरेवरची पोर दाखवून म्हणाली, हिची मोठी बहीण वजनाच्या झोळीत ठेवली की रडून आकांत करायची. कुणाला आवरायची नाही. "फिर दीदी गाती थी. धीरे-धीरे. छोरी चुप हो जाती थी. हम सब चुप हो जाते थे."

काका जिथे होते तिथे उभे राहिले. बाईने घागर उचलली आणि ती चढाने निघून गेली.

"शैला गायची," काका म्हणाले. "तुला माहीत होतं?"

"नाही."

"मलाही नाही. पंचवीस वर्षं संसार केला." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "काय गायची ते त्या बाईला विचारायला हवं. तिला शब्द कळले नसतील. चाल आठवत असेल."

परतताना मी पुन्हा म्हटलं, "काका, घरी चला. इथे एकटे किती दिवस राहणार?"

ते काठी टेकत चालत होते. चढ संपल्यावर दम खायला थांबले आणि म्हणाले, "देवासच्या घरात शैलाबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढंच आहे, सुलभा. इथे रोज कुणीतरी नवीन काहीतरी सांगतं. परवा एकजण म्हणाला, दीदीला ताडी आवडायची नाही पण ताडाची फळं आवडायची. हे मला कुठे ठाऊक होतं? आठवडेच्या आठवडे जातात, कुणी काही सांगत नाही. मग एखादी बाई रस्त्यात थांबवते." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "हे सांगणं संपलं की येईन."

संध्याकाळच्या बसने मी एकटी परतले. काका स्टँडवर पोचवायला आले होते. बस सुटेपर्यंत उभे राहिले, आणि सुटल्यावर खोलीकडे नाही, नाल्याच्या दिशेने चालू लागले. ते पुन्हा देवासला आले नाहीत. गेले तेही तिकडेच. आम्हाला कळवणाऱ्या माणसाला त्यांचं नाव माहीत नव्हतं. फोनवर तो एवढंच म्हणाला, "दीदी के घरवाले नहीं रहे."